हिंगमिऱ्यांचं अक्षर

सोमवारी सकाळी मी ऑफिसातला मेल उघडून लिहायला बसलो, तर पडद्यावर हिंगमिऱ्यांचं अक्षर उमटायला लागलं. हिंगमिरे वारून दीड महिना झाला होता. नगरपालिकेच्या उद्यान विभागाचे ते अधीक्षक. त्यांच्या जागेवर मी आलो. त्यांचं अक्षर साऱ्या कचेरीला पाठ होतं. उजवीकडे कललेलं, निळ्या शाईतलं, आणि शब्द संपला तरी शिरोरेषा पार समासापर्यंत ओढत नेलेली. मी टाइप करत होतो आणि पडद्यावर ते येत होतं. शाई अजून ओली दिसत होती.

मी घाबरलो वगैरे नाही. सेटिंगमध्ये गेलो. फॉन्टच्या यादीत सगळ्यात वर 'हिंगमिरे, तिरपे' असं होतं. त्याच्या खालचा एक साधा, सरळ फॉन्ट निवडला, आकार बारा, रंग काळा, आणि 'जतन करा' दाबलं. 'बदल जतन झाले' असं उत्तर आलं. मेल बंद करून पुन्हा उघडला. हिंगमिरे, तिरपे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी हे एकोणीस वेळा केलं, आणि एकोणीस वेळा बदल जतन झाले.

एरवी मी चालवूनही घेतलं असतं. गुलाबाच्या कलमांची मागणी कुणाच्या अक्षरात गेली, याने गुलाबांचं काय बिघडणार? पण त्या आठवड्यात मला केतकीला मेल लिहायचा होता.

केतकी माझी मुलगी, नाशिकला नोकरी करते. शुक्रवारी अकरा वाजता तिचं नोंदणी पद्धतीने लग्न होतं. मुलगा तिने स्वतः निवडला होता, आणि त्यावरून मी तिला जे बोललो ते इथे लिहायची मला लाज वाटते. आठ महिने ती माझा फोन घेत नव्हती. रविवारी तिचा मेल आला.

'बाबा, तुमचा राग गेला असं आई म्हणते. पण ते आई म्हणते. मी हॉस्टेलला होते तेव्हाही तुमची पत्रं ऑफिसातल्या टायपिस्टबाई लिहायच्या, तुमची नुसती सही असायची. या वेळी दोन ओळी स्वतः लिहा. मला कळेल. लिहिल्यात तर या. पुन्हा दुसऱ्याकडून लिहून घेणार असाल, तर येऊ नका.'

राग केव्हाच गेला होता. दोन ओळीही तयार होत्या. 'केतकी, माझं चुकलं. मी येतोय.' एवढंच लिहायला मला आठ महिने लागले, आणि आता ते माझ्या अक्षरात उमटायला तयार नव्हतं.

दुपारी संगणक कक्षातल्या तायडे मॅडमना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं.

"बंद करून चालू केलं होतं का?"

"एकोणीस वेळा."

"हे सेटिंग तुमच्या नावावर नाहीये, साहेब. हिंगमिरे साहेबांच्या नावावर आहे. बदलायला त्यांची परवानगी लागेल."

"ते वारले."

"सिस्टममध्ये तसं काही आलेलं नाही." त्यांनी पडद्याला बोट लावून पाहिलं. बोट निळं झालं. "चार्ज घेताना यादी वाचली होती ना तुम्ही?"

चार्जची यादी कोण वाचतं? गेल्या शुक्रवारी पावणेसहाला हेडक्लार्कनी ती पुढे सरकवली होती. 'वरील सर्व वस्तू मिळाल्या' याच्याखाली मी सही ठोकली आणि घर गाठलं. आता ती कपाटातून काढली. अडतीस, गवत कापायची यंत्रं दोन, पैकी एक बंद. एकोणचाळीस, कारंज्याची किल्ली. चाळीस, अक्षर, एक. पान उलटलं. मागचं पान कोरं होतं आणि त्याच्या तळाशीही माझी सही होती.

"हे परत देता येतं का?" मी विचारलं.

"येतं की. घेणारा आणा."

मी शिपायापासून मुख्याधिकाऱ्यांच्या पीएपर्यंत सगळ्यांना विचारून आलो. सगळे म्हणाले, आहे ते छान आहे, साहेब. त्यांचं अक्षर बघून बरं वाटलं.

मंगळवारी मी तो मेल तसाच पाठवला. वेळ कुठे होता? पाचव्या मिनिटाला केतकीचं उत्तर आलं. 'हे कुणाचं अक्षर आहे? शोभलं हो तुम्हाला.' मी पेन घेतलं, कोरा कागद घेतला, त्यावर लिहून फोटो पाठवावा म्हटलं. 'केतकी' एवढं नीट आलं. 'माझं'पासून ओळ उजवीकडे कलायला लागली, आणि 'चुकलं'वरची रेघ कागद संपल्यावर टेबलावर गेली. ती मी ओल्या फडक्याने पुसत बसलो. मला रडूच यायचं बाकी होतं.

बुधवारी दुपारी हिंगमिरेवहिनी डबा घेऊन ऑफिसात आल्या. कपाळ मोकळं, केस नीट विंचरलेले. आल्या त्या सरळ माझ्या टेबलाशी.

"वहिनी, मी सातपुते," मी म्हणालो.

"असू दे. जेवून घ्या. कारलं केलंय, गूळ घालून."

कारलं मी जन्मात खाल्लेलं नाही. त्या दिवशी डबा चाटूनपुसून खाल्ला. वहिनी समोर बसून होत्या. डबा विसळून त्यांनी पिशवीत टाकला आणि उद्या दोडका आणते म्हणून गेल्या. मी यादी काढून पाहिली. कोऱ्या पानावर दोन ओळी आल्या होत्या. एकेचाळीस, कारल्याची आवड. बेचाळीस, डाव्या गुडघ्याची कळ. जिना उतरताना ती कळ मला जाणवली.

घरी शैला, माझी बायको, बॅग भरत होती. तिला बुधवारीच निघायचं होतं. मला बघून ती उठली, पदर सारखा केला आणि आत जाऊन चहा घेऊन आली. कप पाहुण्यांचा होता, बशीसकट.

"साखर किती घालू?" तिने विचारलं.

आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झालीत. मी म्हणालो, "अगं, काय चेष्टा आहे?" पण हे मी मनात म्हणालो. तोंडातून आलं, "दोन चमचे." मला मधुमेह आहे, हे तिला माहीत आहे. तिने दोन चमचे घातले, ढवळले, आणि माझ्या समोर अगदी सोफ्याच्या कडेला टेकून बसली. मी कप रिकामा करेपर्यंत घड्याळाकडे बघत राहिली, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

गुरुवारी मी रजेचा अर्ज केला. 'श्री. हिंगमिरे यांची एक दिवसाची रजा मंजूर.' एसटीचं आरक्षणही त्याच नावाने आलं. म्हटलं, मरू दे. नाव कुणाचंही असो, बसमध्ये मी बसणार आहे. समोर उभा राहिलो की पोटची पोर ओळखणार नाही? यादी मी पुन्हा उघडली नाही. ती टेबलावर होती आणि पंख्याने तिचं मागचं पान उलटत होतं. ते काठोकाठ भरलेलं होतं.

शुक्रवारी अकराला पाच कमी असताना मी विवाह नोंदणी कार्यालयात पोहोचलो. बाहेरच्या खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि आठ-दहा माणसं बसली होती. केतकी मोरपिशी साडीत होती. शेजारी तो मुलगा. चेहऱ्यावरूनच सज्जन दिसत होता. मी इतका गाढवपणा का केला होता, ते मला तिथे आठवेना. शैला पलीकडे बसून दाराकडे बघत होती. तिने माझ्याकडेही बघितलं आणि मग पुन्हा दाराकडे.

केतकी उठून पुढे आली. मी तोंड उघडलं. केतकी, माझं चुकलं, मी आलोय, हे मी आदल्या दिवसापासून घोकत आलो होतो.

"अनेक उत्तम आशीर्वाद," मी म्हणालो. आवाज जाड होता आणि शेवटचा शब्द लांबवर ओढलेला होता.

ती वाकून माझ्या पाया पडली. "हिंगमिरेकाका, तुम्ही एवढ्या लांबून आलात! बाबा निघालेत का हो?"

मी तिचा हात धरला. घट्ट धरला. तिने तो हळूच सोडवून घेतला आणि हसली. तिचे डोळे भरलेले होते.

"मीच लिहिलं होतं, येऊ नका म्हणून. पण ते येतील. मला माहीत आहे, ते येतील." आतून आमचा नंबर पुकारला. ती वळली. "मी साहेबांकडून पाच मिनिटं मागून घेते. काका, एवढं करा, माझ्या शेजारची ती खुर्ची सांभाळा. बाबांची आहे."

मी जाऊन त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. खोलीत गर्दी वाढत होती. मुलाकडचे एक वयस्कर गृहस्थ काठी टेकत आले आणि बसायला वाकले.

"इथे नको," मी त्यांना सांगितलं. "मुलीचे वडील यायचेत."