गळ्यात घालायची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी हाय. लिहायची न्हाई, गळ्यात घालायची. उदगीरच्या सुताराकडं कपाटाचा तुकडा उरला, त्याची मी झाले. पेंटरनं माझ्यावर इंग्रजीत रंगवलं, 'मी आज इंग्रजी बोललो नाही'. भोकं पाडून सुतळी ओवली. इंग्रजी शाळेत जो मराठी-कानडी बोलंल, त्याच्या गळ्यात मी. त्यानं तसं बोलणाऱ्या दुसऱ्याला पकडलं तरच त्याची सुटका.

पालकांच्या मिटिंगला हेडसर मला वर धरायचे. "हिच्यामुळं पोरं इंग्रजी शिकतेत!" लोक टाळ्या वाजवायचे. डोंबलाचं शिकतेत! एकमेकांवर पाळत ठेवतेत, न्हाईतर तोंड शिवून बसतेत. छातीवर लटकते मी, त्यांची धडधड मला ऐकू येती.

तनुजा नावाची पोरगी शाळेत नवी होती तवा दुकानांच्या पाट्यांवरलं इंग्रजी मोठ्यानं वाचत यायची. चुकली की स्वतःच खिदळायची. वर्गातल्या रेणुकाच्या घरी खेळता खेळता कानडी कवा आली, तिला बी कळलं न्हाई. तिथं गळ्यात पाटी कोण घालत होतं? शाळेत मात्र रोज मी तिच्याच गळ्यात. कारण ती कुणाला पकडायचीच न्हाई. शेवटी सर म्हणले, "आज पाटी तुझ्याकडंच राहिली तर शाळेतून नाव काढीन."

त्याच दिवशी रेणुका घसरगुंडीवरून पडली. गुडघा फुटला. "अव्वाऽऽ!" तिनं कानडीत आईला हाक मारली.

"घावली, घावली! तने, घाल तिच्या गळ्यात! सुटलीस बघ!" पोरं नाचाय लागली.

तनुजानं मला ओढून काढलं अन् फरशीवर आपटलं. मी मधोमध तडकले. लई बरं वाटलं.

सर धावत आले. "व्हाय? स्पीक इन इंग्लिश!"

"नो! शी इज क्राइंग! आय विल नॉट पुट!" तनुजा ओरडली. मैत्रिणीसाठी पेटली अन् शब्द आपोआप आले.

सरांनी त्या फुटक्या गुडघ्याकडं बघितलं बी न्हाई. पोरांकडं वळून म्हणले, "बघितलं? पाटीनंच आली ना हिला इंग्रजी?"

 दुसऱ्या दिवसापासून तनुजा शाळेत आलीच न्हाई.

आता साहेबराव शिपाई मला डिंक लावतोय. उद्या पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा म्हणतेत. मला जपू नका. चुलीत घाला. एखाद्या लेकराच्या आंघोळीचं पाणी तरी तापंल.