चिंचेनं घासलेला सॅक्सोफोन

मित्रांनो, मी एक जुना सॅक्सोफोन आहे. नाव घेताना जीभ अडखळते ना? श्रीरामपुरात मला सगळे 'अजीजचं वाकडं पितळ' म्हणत. म्हणोत बापडे!

जन्म माझा विलायतेतला. मुंबईच्या हॉटेलात जॅझमधली संथ प्रेमगीतं वाजवत म्हातारा झालेल्या एका गोव्याच्या वादकानं मला आपल्या शिष्याच्या, अजीजच्या हाती दिलं. अजीज मला घेऊन गावी आला आणि लग्नाच्या बँडमध्ये शिरला. तिथं वरातीची धूळ खायची आणि ढोलाच्या वर किंचाळायचं, एवढंच काम.

पण अजीजच्या डोक्यात खूळ होतं. ती विलायती गीतं संबळाच्या ठेक्यावर वाजवायची आणि मागे वाऱ्याची, पाण्याची, घरादाराची गुणगुण राहू द्यायची. नेवाशाचा गोंधळी पुंजाराम त्याचा जिवलग. तो एका पायावर तयार होता. अडलं ते त्याच्या वडिलांपाशी, कानिफनाथबाबांपाशी. संबळ देवीच्या दारचं, ते असल्या वाजवण्याला कसं द्यायचं? एकदा माझ्यासमोर वाजवा, ते म्हणाले; मन मानलं तर ठीक, नाहीतर संबळ खुंटीला आणि तुमची जोडी मोडली. एकाहत्तर सालचा उन्हाळा होता तो.

अजीजची आई शरिफाबी मोठी हौशी. लेकाच्या परीक्षेला मी लख्ख दिसावं म्हणून तिनं मला चिंच-राख लावून हंड्यासारखं घासलं, वर बादलीभर पाणी ओतलं. चमकलो खरा, पण आतून घात झाला. माझ्या भोकांवरच्या झाकणांना आतून कातडी गाद्या असतात. त्या फुगल्या, चिकट झाल्या.

अजीजला हे कळलं ते थेट बाबांच्या ओट्यावर. पुंजारामनं संबळाला हात जोडले. अजीजनं बोटं दाबली, तर झाकणं मिटली ती उघडेचनात! वरचे सूर गेले. तळाचे चार घोगरे तेवढे उरले. बाबांनी तोंड फिरवलं. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पुंजारामच्या आईनं, लंकाबाईंनी, पडवीत दळण मांडलं. पाहुण्याला भाकरी नको का? जात्याची घरघर सुरू झाली. अजीजनं डोळे मिटले आणि त्या घरघरीत माझा खालचा सूर अलगद सोडला, दम पुरेपर्यंत लांबवला. मग दुसरा. गोव्याच्या म्हाताऱ्या उस्तादाचं विरहगीतच होतं ते, पण आता कुणी स्वतःशी पुटपुटावं तसं. संबळ हळूच बोलू लागलं. बाबा मात्र वळले नाहीत. अजीजचा धीर सुटला, तो थांबला. नुसतं जातं फिरत राहिलं.

बाबा उठले आणि खुंटीकडे गेले. संपलं, मला वाटलं. त्यांनी खुंटीवरचं स्वतःचं तुणतुणं काढलं आणि येऊन अजीजशेजारी बसले.

"हिचं दळण सरलं न्हाई अजून," ते म्हणाले. "तू का थांबला?"

पुढे पुण्याहून नव्या गाद्या आल्या, सगळे सूर परत आले. किती गावं वाजवली आम्ही! ते गीत मात्र अजीज खालच्या सुरांतच वाजवी. शरिफाबी शेवटपर्यंत मला कोरड्या फडक्यानं पुसत राहिली. आता तीही नाही, बाबाही नाहीत, आणि अजीजला फुंकायला दम पुरत नाही. तिकडे बाबांच्या पडवीत जातं भिंतीशी पडून आहे आणि इकडे मी अजीजच्या घरी खुंटीला.

मित्रांनो, वाद्याला पाणी लावण्याआधी वाजवणाऱ्याला विचारा. पण नुसतं पुसूनही ठेवू नका; कधीतरी खाली काढा, फुंकर घाला. माझं दळण अजून सरलेलं नाही.