स्रेतेनचा मुका फोन

फोनमध्ये नवी सॉफ्टवेअरची यंत्रणा घालायची तर आधी जुनं सगळं पुसावं लागतं, हे नेवेंकानं स्रेतेनला तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा तो म्हणाला, "पुस की."

"फोटो वगैरे असतील ना?"

"मी जन्माचा आंधळा. फोटो घेऊन काय करू, लोणचं घालू?"

दोघंही हसली आणि पुढची चौकशी राहूनच गेली. झोकात बोलणाऱ्या माणसाचं नुकसान असंच हसता हसता होतं.

नेवेंका वरच्या मजल्यावरची शेजारीण. लेस्कोवात्स गावातल्या बस डेपोत विजेची कामं बघायची, आणि घरी जुने फोन मारूनमुटकून चालते करायचा तिला नाद. कंपनीनं वाऱ्यावर सोडलेल्या फोनात ती हौशी लोकांनी बनवलेली, फुकट मिळणारी यंत्रणा घालायची. स्रेतेनचा फोन आठ वर्षांचा झाला होता, पण त्याला काचेच्या खालच्या कडेला एक खरंखुरं बटण होतं, बोटाला लागणारं. नव्या फोनांना नुसती काच. काचेवर बोट फिरवून आंधळ्याला कळणार काय, डोंबल? शिवाय त्या फोनात रूझा राहायची. रूझा म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा बाईचा आवाज. नाव त्यानंच ठेवलेलं. हल्ली ती अडखळायला लागली होती, वाक्याच्या मध्येच पेंगायची. नवी यंत्रणा घातली की ती पुन्हा तरतरीत होईल, असं नेवेंकाचं म्हणणं.

रविवारी दुपारी ती आली ती भाजलेल्या मिरच्यांचा वास घेऊनच. सप्टेंबरात सगळं गावच मिरच्या भाजत असतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं फोन संगणकाला जोडला, काही दाबलं, काही पुटपुटली, एकदा फोनला शिवीही घातली. साडेचारला डेपोतून बोलावणं आलं; एक बस भर रस्त्यात बंद पडली होती.

"हे बघा शेजारी," ती दारातून म्हणाली, "काम होत आलंय. थोड्या वेळात एक सूर वाजेल, म्हणजे फोन चालू झाला. पण रूझा नसेल हं. तिला मी आल्यावर इंटरनेटवरून उतरवून घेते. तोवर फोन मुका. हात लावू नका."

दार लागलं. रूझा नसेल, हे त्याच्या डोक्यात आत्ता शिरलं. तिच्या मागोमाग दुसरंही काहीतरी शिरायला बघत होतं. नंबर. नंबर तर सिमकार्डात असतात ना? जुने कार्डात होते. मग त्स्वेत्काचा नवा कुठे होता?

फोनातच होता, आणि फोन तर पुसून झाला होता.

स्रेतेन कापड गिरणीत एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होता. चारशे नंबर तोंडपाठ. गिरणी बंद पडून पंधरा वर्षं झाली, तरी त्र्याऐंशी सालचा अग्निशमन दलाचा नंबर झोपेतही सांगेल, आणि डायरेक्टरच्या मैत्रिणीचाही. पण त्स्वेत्काचा या वसंतात बदललेला नंबर त्यानं पाठ केलाच नव्हता. रूझाला माहीत आहे ना, मग झालं, असं म्हणून सोडून दिला होता.

त्स्वेत्का तिकडे स्लोव्हेनियात, मारिबोरच्या यंत्रांच्या कारखान्यात ऑपरेटर होती. चौऱ्याऐंशी साली गिरणीला सुटे भाग हवे होते, म्हणून त्यानं तिकडे लाइन लावली, तेव्हा पहिल्यांदा आवाजाची गाठ पडली. पुढे दोन्ही कारखाने बुडाले, देशाचे तुकडे होऊन दोघांची गावं दोन देशांत गेली, तिचं लग्न झालं, नवरा गेला. दर रविवारी पाचचा फोन मात्र चालू राहिला; कधी तो करायचा, कधी ती. लाइनी बंद होत्या ते दिवस सोडले तर एकही रविवार चुकला नाही. भेट कधीच नाही. दोघं अजून एकमेकांना अहोजाहो करत, आणि धंद्यातली रीतही पाळत: ज्याला फोन आला त्यानं आधी म्हणायचं, "एक्स्चेंज, बोला." तोवर फोन करणाऱ्यानं चूप.

गेल्या रविवारी ती म्हणाली होती, "पुढच्या महिन्यात तुमची स्लावा. चाळीस वर्षं मी तिचं वर्णन ऐकतेय. नुसतं ऐकायचंच का? 'या' असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. पुढच्या रविवारी काय ते सांगा. नाही सांगितलंत तर मी समजून जाईन, पुन्हा विचारणार नाही."

इथेच तर सगळी गोची होती. स्लावा म्हणजे घरच्या संताचा दिवस. दार उघडं, ताट मांडलेलं, येईल त्याला वाढायचं. पण बोलावणं कुणालाच नाही. स्रेतेनची आजी म्हणायची, "येणारा संताचा पाहुणा. तू बोलावणारा कोण?" आता हे त्या स्लोव्हेनियाच्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं? आठवडाभर तो वाक्यं जुळवत होता आणि मोडत होता.

एक सूर वाजला. फोन चालू झाला. स्रेतेननं बटण दाबलं. फोन नुसता थरथरला आणि गप्प बसला.

"रूझा?" त्यानं उगाचच हाक मारली.

काचेवर बोट फिरवलं तर कुठेतरी टिक् झालं. काय टिक् झालं, देव जाणे. बाजूचं बटण दाबलं, पुन्हा टिक्. फोन जागा आहे की झोपला, काहीच पत्ता लागेना. स्वतःच्याच घरात कुणीतरी रातोरात सगळं सामान हलवून ठेवावं, तसं त्याला झालं.

तेवढ्यात कुठेतरी गाणं लागलं. शेजारच्या गच्चीत रेडिओ लावला असेल, असं त्याला वाटलं. मग टेबल थरथरलं. गाणं फोनचंच होतं आणि भिंतीवरचं घड्याळ पाचचे ठोके देत होतं.

त्यानं बटण दाबलं. पूर्वी ते दाबलं की फोन उचलला जायचा. आज गाणं चालूच. त्यानं काचेवर वर, खाली, आडवं बोट ओढलं, चिकट ओटा पुसावा तसं. गाणं थांबलं. उचलला की तुटला? "एक्स्चेंज, बोला" म्हणायचंही त्याला सुचलं नाही. त्यानं फोन कानाला लावला आणि सवयीनं लाइनीची गुणगुण शोधली. जिवंत लाइन बारीक गुणगुणते, मेलेली कापसासारखी असते; एकतीस वर्षांत हा कान एकदाही फसला नव्हता. इथे नुसता कापूस. मोबाइलवर गुणगुण नसतेच, हे त्याला ठाऊक व्हायचं कारण नव्हतं, कारण आजवर 'फोन जोडला' असं रूझाच सांगायची.

"मेली," तो म्हणाला आणि फोन टेबलावर ठेवून दिला.

मग खुर्चीत बसून तो त्या काचेवर डाफरायला लागला. "झालं तुझं समाधान? आता ती समजून जाईल. काय समजेल? की स्रेतेनला ती नको. अरे दगडा, दर स्लावाला मी एक ताट जास्त मांडतो. बहीण विचारते, हे कुणाचं? मी म्हणतो, वाटसरूचं. कसला वाटसरू? वीस वर्षं त्या ताटापुढची खुर्ची मी कुणाला देत नाही. दार वाजलं की आधी पावलं ऐकतो, अनोळखी बाईची आहेत का म्हणून. पण बोलवायचं नसतं रे स्लावाला. बोलावलं की तिचं येणं माझ्यामुळे होतं, संतामुळे नाही. आणि खरं सांगू? भीतीही वाटते. बोलावलं आणि नाही आली तर? न बोलावता नाही आली, तर निदान म्हणता येतं, बोलावलंच कुठे होतं. नंबरसुद्धा पाठ केला नाही मी. चारशे नंबर पाठ, आणि हिचा नाही."

टेबलावर काहीतरी बारीक चुरचुरलं. त्याला वाटलं, माशी असेल. पुन्हा चुरचुरलं. त्यानं फोन उचलून कानाला लावला.

"एक्स्चेंज," त्स्वेत्का म्हणत होती. "मेले नाही मी अजून."

स्रेतेननं फोन दोन्ही हातांनी धरला. "तुम्ही… कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुम्ही 'बोला' म्हणायची वाट बघत होते. रीत आहे आपली. चाळीस वर्षांत कुणाची लाइन चोरून ऐकली नाही मी. आज ऐकली."

गुणगुण नव्हतीच, पण पलीकडचा श्वास त्याला आता ऐकू येत होता.

"आधी नंबर सांगा," तो घाईनं म्हणाला. "फोन कधी दगा देईल, नेम नाही."

तिनं एकेक आकडा सुटा करून सांगितला. त्यानं प्रत्येक आकडा परत म्हणून दाखवला, ऑपरेटर म्हणतात तसा.

"मग," तिनं विचारलं, "बोलावताय का मला?"

"नाही," स्रेतेन म्हणाला. "बोलावत नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग येते मी."