निजामभाई बाळंतपणाला निघाले

घाटात रेल्वेची ड्युटी अर्धी असताना बदली माणूस आला, की घरी काहीतरी बरंवाईट झालं असं सगळे समजायचे. त्या दुपारी रखमाजी रुळाच्या कडेने चालत येताना दिसला आणि निजामभाईंनी गाड्यांचा रूळ बदलायचा सांध्याचा दांडा सोडला. रखमाजीने त्यांच्या हातातला झेंडा घेतला. "डबा राहू द्या हितंच," एवढंच म्हणाला. निजामभाई लोणावळ्याला घरी पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. त्यांची बायको रोशनबी सकाळी धुणं वाळत घालताना कोसळली, ती उठलीच नव्हती.

त्यांची एकुलती एक मुलगी मेहमुदा बहारीनला होती. जावई नसीर तिथल्या बंदरात क्रेनवर कामाला. मेहमुदाला सहावा महिना लागला होता आणि डॉक्टरने प्रवासाला मनाई केली होती. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी करण्याऐवजी रोशनबीनेच तिकडे जायचं ठरलं होतं. नवराबायकोचे पासपोर्ट एकदमच काढले होते. आधी ती जाणार, रजा मिळाली की मागून निजामभाई. नसीरला कळवलं तर त्याची उलट तार आली. मेहमुदाचा रक्तदाब वाढलाय, तिला इतक्यात सांगू नका.

रोशनबीला लिहिता येत नव्हतं. तिची पत्रं निजामभाईच लिहीत, ती बोलेल तशी. ती गेल्यावरही त्यांनी तिच्या नावाने दोन पत्रं लिहिली. एकात लिहिलं, जड उचलू नकोस. दुसऱ्यात लिहिलं, मी येतेच आहे. ते पत्र पेटीत टाकल्यापासून त्यांना घास गोड लागत नव्हता.

रोशनबीचा चाळिसावा दिवस झाला आणि ते जवळच्या वलवणला सारजाबाईकडे गेले. ही बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालणारी. तिच्या जागी आता मलाच जायचंय, मला शिकवा, म्हणाले. सारजाबाई आधी हसली, मग तिने त्यांना पाय लांब करून बसायला सांगितलं. बाळ म्हणून तिने परसातला दुधी तोडून आणला. पहिल्या दिवशी तो तेलाने निसटला आणि फुटला.

"भाऊ, सांधा वढताय जनू," सारजाबाई म्हणाली. "मान धरा. समदं मानंवरच हाय."

आठ दिवसांत सहा दुधी झाले. शेवटचा फुटला नाही, तो तिने काढून घेतला आणि भाजीला ठेवला. आता जा, म्हणाली.

विमानात निजामभाई पहिल्यांदाच बसले होते. तासाभराने समुद्रावर विमान गचके खाऊ लागलं. घाटात गाडी कितीही हलली तरी खाली रूळ आहे हे ठाऊक असतं. इथे खाली काय आहे तेच कळेना. मोठा गचका बसला आणि तीस वर्षांच्या सवयीने सांध्याचा दांडा शोधत त्यांचा हात बाजूला गेला. खुर्चीचं काहीतरी हाताला लागलं, ते दाबून त्यांनी अंग मागे टाकलं. खुर्ची धाडकन मागे गेली आणि मागच्या माणसाचा चहा त्याच्याच मांडीवर सांडला.

"आबा, इमान थांबवत व्हता काय?" तो पँट पुसत म्हणाला.

हा मारुती, वडगावचा वेल्डर. तिकडे जायची त्याची दुसरी खेप. गचके कमी झाल्यावर तो शेजारच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसला. कोणत्या कामाला निघालात, असं त्याने विचारलं. बाळंतपणाला, म्हटल्यावर त्याला थट्टा वाटली. मग निजामभाईंनी सगळं सांगितलं, पत्रांसकट. पत्रांचं त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. विमानतळावर मेहमुदाला काय सांगायचं तेही नसीरने ठरवून ठेवलं होतं. आईचे कागद अडकलेत, मागून येईल.

मारुतीने कमरेचा पट्टा सैल केला.

"माजा बाप गेला तवा मी तिकडंच व्हतो. तीन महिन्यांनी कळवलं घरच्यांनी. तवर मी त्याच्यासाठी बूट घेऊन ठिवलं व्हतं."

"राग आला असेल."

"बाप गेल्याचा न्हाई आला. बुटांचा आला. तीन महिने मी त्याच्या पायाचं माप आठवत व्हतो, आबा."

विमान पुन्हा हललं. निजामभाईंनी या वेळी कशालाच हात लावला नाही. आपण काय करायचं ते ते मनाशी जुळवत होते. नसीरला आधी डॉक्टर बोलवायला लावायचं. मेहमुदाला घरी नेऊन बसवायचं, पाणी द्यायचं आणि आपल्याच तोंडाने सांगायचं, पत्रांचंसुद्धा. रडेल, रडू द्यायचं. आपण जवळ आहोत. दोन महिन्यांनी मूल येईल, त्याला न्हाऊ घालायला आता आपले हात तयार आहेत. समोर ताट आलं तेव्हा त्यांना खूप दिवसांनी भूक लागली होती. त्यांनी ते पुसून खाल्लं. मारुतीने आपल्यातला पावही त्यांना दिला.

उतरल्यावर गरम वारा तोंडावर आला. कठड्यापलीकडे मेहमुदा उभी होती, कमरेवर हात ठेवून, पोट पुढे. घरी नेहमी लेंग्यात असणाऱ्या बापाला पँटमध्ये पाहून ती हसली. मग ती त्यांच्या मागून येणाऱ्या माणसांकडे बघू लागली.

"अम्मी मागे राहिली का, अब्बा?"

तिच्या शेजारी उभ्या नसीरने तोंड उघडलं. निजामभाईंनी हाताने त्याला थांबवलं.

"घरी चल बेटा. बसून सांगतो."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांनी तिचा दंड धरला आणि तिच्या चालीने चालू लागले. सांगायचं अजून राहिलं होतं.