राजारामचा डावा पाय

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात राजाराम पुढच्या रांगेत गात होता. डाव्या पोटरीवर लाठी बसली, मग पोलिसांनी गाडीत कोंबलं. दाटीवाटीच्या कोठडीत पाय मुडपून दिवस काढले आणि सुटून लालबागला आला, तेव्हा चाळीने त्याला हार घातला.

पोटरीवरचा वळ पिवळा पडून पुसला गेला. पाय मात्र सुजतच राहिला. घोटा, पोटरी, मग पार जांघेपर्यंत. गिरणीत साच्यांपुढे, म्हणजे यंत्रांपुढे, दिवसभर उभा राहणारा, संध्याकाळी भीमजलशात गाणारा माणूस. त्याला बसवेना, निजवेना. खोलीतल्या खोलीत लंगडत फिरायचा. बायको बकुळा तेल कोमट करून पाय रगडायची. लाठीची सूज आहे, उतरेल, असं सगळेच म्हणत.

एका सकाळी नळावर त्याच्या छातीत कळ आली. श्वास घेववेना. थुंकीत रक्त दिसलं. शेजाऱ्यांनी त्याला खाटेसकट उचलून परळच्या इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टर राजलक्ष्मी तळपदे गिरगावच्या. फार बोलत नसत. त्यांनी टेपने दोन्ही मांड्या मोजल्या.

"मार कुठे लागला होता?"

"हितं, पोटरीवर."

"तिथे आता काहीच नाही. मग मांडी का सुजली? पाय कुणी रगडला का?"

बकुळाने मान खाली घातली.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण आता हात लावायचा नाही. शिरेत रक्ताची गाठ झालीय. तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला. आणखी एक गेला तर जिवावर बेतेल."

रक्त गोठू न देणारी इंजेक्शनं सुरू झाली. पलंगाचा पायथा विटांवर चढवला. हलायचं नाही, असा हुकूम. राजाराम पंख्याकडे बघत चादर मुठीत आवळायचा.

जरा बरं वाटल्यावर शिरेत औषध सोडून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म खिडकीशी धरली. "ओटीपोटात उजव्या पायाकडे रक्त नेणारी धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून जाते. मागे मणका. तुमची शीर दोन्हींमध्ये चेपलीय. रक्त तिथे तुंबलं."

"म्हंजे लाठीनं न्हाय?"

"लाठी, कोठडीतलं बसणं, हे निमित्त झालं असेल. मूळ दोष जन्मापासूनचा."

"मग कापून काढा तो."

"तिथे हात घालणं आज फार धोक्याचं आहे. गोळ्या देऊ, पट्टी बांधू. रक्त बाजूच्या शिरांतून वाट काढेल. पाय पहिल्यासारखा होईल, असं मात्र सांगत नाही."

 चाळीने हार घातला तो लाठी खाणाऱ्याला, की जन्मापासून चेपलेल्या शिरेला, हेच त्या दिवशी राजारामच्या डोक्यात फिरत होतं.

दोन दिवसांनी मोर्चा काढणाऱ्या समितीचे तात्या आले. "रविवारी सभा आहे. तुला खुर्चीत उचलून नेतो, बसल्या बसल्या गा. लोकांना पाय दिसू दे. लाठीनं काय केलं ते कळू दे."

राजारामला जावंसं वाटलं. फार वाटलं. कोपरावर उठूही लागला, आणि थांबला.

"तात्या, लाठी खाल्ली हे खरं. पण पाय लाठीनं सुजला न्हाय. शीर चेपलीय आतली."

"अरे, हे कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

तात्या वैतागले. "मग गाणार कोण?"

"मी येते," बकुळा म्हणाली. "यांची गाणी मला पाठ हायत." चारचौघांत ती कधी गायली नव्हती. राजाराम तिच्याकडे बघतच राहिला.

रविवारी संध्याकाळी त्याने नर्सला दहादा विचारलं, बाहेर काही ऐकू येतंय का. येत नव्हतं. बकुळा आली ती बसलेल्या घशाने.

"कसं झालं?"

"मधलं कडवं इसरले. लोकांनीच म्हटलं."

तो हसला. छातीत अजून दुखत होतं.

पुढे सूज उतरली, सगळी नाही. साच्यांपुढे उभं राहणं सुटलं, गिरणीत बैठं काम मिळालं. संध्याकाळी पाय जड होई, मग तो उशीवर ठेवून राजाराम नवी गाणी रचायचा. बकुळा समोर बसून चाल लावायची आणि न पटलेली ओळ सरळ बदलायला सांगायची.