नवरदेवाची तलफ

दवनीवाड्याची वरात कामठ्याच्या वेशीत शिरली आणि धुमाल बँडवाल्यांनी असा ठेका धरला की चिंचेवरचे बगळे उडाले. नवरदेव दुर्गेश गाडीत मुंडावळ्या सावरत बसला होता. शेजारी त्याचा मित्र भुपेंद्र प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत होता. सुपारी, तंबाखू, चुना. पन्नीची ती चर्रचर्र दुर्गेशला ढोलापेक्षा मोठी ऐकू येत होती.

"घे ना बे थोडासा. लग्नाच्या दिवशी कोण पाह्यते?"

पाहणारी होती. खुशबू, नर्सिंग शिकलेली नवरी. साखरपुड्यालाच तिनं बजावलं होतं, मांडवात खर्र्याचा वास आला तर वरात परत. "तंबाखू सोडतो, नुसती सुपारी खातो," अशी दुर्गेशनं घासाघीस करून पाहिली.

"सुपारीचीही लत लागते," ती म्हणाली, "आन् तोंड आखडते तिच्यानंच. तीन बोटं उभी जात नाईत तुमच्या तोंडात, लाडू कसा भरवू?"

तेव्हापासून त्यानं खर्रा सोडला. आधी डोकं ठणकलं, झोप उडाली, बैलाशीसुद्धा भांडण झालं. फोनवर खुशबू समजवायची, "तलफ पाहुण्यासारखी राह्यते. पाच-दहा मिनिटं बसते, चहा नाई भेटला की उठून जाते. तेवढा वेळ हातापायाले काम द्या."

आज पाहुणा थेट वरातीत आला होता. दुर्गेशनं गाडीचं दार उघडलं, खाली उडी मारली आणि नाचू लागला.

फेटा तिरपा झाला, मुंडावळ्या कानामागे गेल्या, एक मोजडी कुठं गेली कळलंच नाही. त्यानं आत्याला फिरवलं, बत्तीवाल्याला फिरवलं, भुपेंद्रला खर्र्यासकट फिरवलं. ओट्यावरच्या बायांनी गाणं उचललं:

नवरा नाचे गरगर, सये, धूळ चढे आभाळा,
मोहफुलं वेचली कोणी, कोण इथं झिंगला?

मांडवाच्या दारात नवरीचे मामा केशोराव उभे होते. गालात गोळी, म्हणून हनुवटी वर करून बोलले, "पोरगा टुन्न हाये. बेवड्याले भाची देत नाई. वरात फिरवा."

धुमाल थांबला. दुर्गेशला 'नाही' म्हणायलाही श्वास उरला नव्हता.

तेवढ्यात हळदीच्या अंगानं खुशबूच बाहेर आली. मागे आई जमुनाबाई, "अवो पोरी, अंदर चाल," करत.

"तोंड उघडा," खुशबू म्हणाली.

अख्ख्या वऱ्हाडासमोर नवरदेवानं आ केला. वास आला बडीशेपेचा. मग तिनं बोटं उभी धरून आत घातली. दोन गेली, तिसरं अर्ध्यावर अडलं.

"दारू नाई पेले, मामाजी. तलफ नाचून घालवून राहिले." मग हळूच, "गेली का?"

"गेली," तो बोटांमधूनच म्हणाला.

"आन् ते अर्धं बोट?" जमुनाबाईंनी विचारलं.

"डॉक्टरले दाखवू, तोंडाची कसरत करू. नाईच उघडलं, तं लाडू बारका वळू."

केशोराव सैलावले. "मंग ठीक हाये. मले वाटलं नशा केली."

"तुमच्या गालात काय हाये?" खुशबूनं विचारलं.

"खर्रा. नशा म्हंजे दारू."

"दादा," जमुनाबाई पुढे झाल्या, "तोंड उघडा."

केशोरावांचं तोंड घट्ट मिटलं. मांडवभर हसू फुटलं. भाचीच्या नजरेला नजर देता येईना, तेव्हा ते कडेला जाऊन थुंकून आले.

मंगलाष्टकं सुरू झाली. मामा नवरीच्या पाठीशी उभे. हळूहळू त्यांचे पाय चुळबुळले, हात खिशाकडे सरकू लागला. अंतरपाट पडला, हार पडले, धुमाल पुन्हा गरजला. दुर्गेशनं खिशाकडे निघालेला तो हात वाटेतच धरला.

"आली का, मामाजी?"

"लय जोरात."

"मंग चला. मोजडी काढून ठेवा."