आधार कुठला?

व्हिटलॉकबाईंनी कागद पालथा करून हार्लनच्या बाकावर ठेवला आणि काही न बोलता पुढच्या मुलीकडे वळल्या. एरवी त्या कागद हातात देत, वर एखादा शब्दही बोलत. पालथा ठेवलेला कागद म्हणजे काय, हे बारावीच्या त्या वर्गात सगळ्यांना पाठ होतं. मागच्या रांगेतली खुसखुस आपसूक थांबली.

हार्लन स्टिडमनं कागद उलटला. वर लाल शाईत शून्य. मधल्या एका ओळीखाली दोन रेघा, शेजारी समासात 'आधार कुठला?' आणि तळाशी, 'तास संपल्यावर भेट.'

"तर," बाई फळ्याकडे जात म्हणाल्या, "साडेतीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत वसलेल्या कडव्या ख्रिस्ती लोकांचा रविवार. सकाळी चार तास प्रवचन, दुपारी पुन्हा तीन. शेगडी नाही, गादी नाही. डुलकी लागली तर काठीनं टोचायला माणूस ठेवलेला."

"मिस, ही माणसं कधी हसायची तरी का?" टॅन्सीनं विचारलं.

"रविवारी नाही."

"मग आमच्या डॉबिन्स सरांचे पूर्वज दिसतात."

वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनाही हसू आलं, ते त्यांनी खडू शोधण्यात दडवलं. हार्लन तेवढा हसला नाही. तो कागदाकडेच बघत होता.

गृहपाठ साधा होता. त्या काळातले तुम्ही, प्रार्थनाघरात बसलेले, एक पान लिहा. अठ्ठावीस मुलांनी थंडीबद्दल, भुकेबद्दल, सैतानाबद्दल लिहिलं होतं, आणि बहुतेकांचा सैतान सिनेमातला होता. हार्लनचं पान मात्र बाईंनी स्वयंपाकघरात उभ्यानंच तीनदा वाचलं, आणि मग ते कॉम्प्युटरवर तपासणीला घातलं. कॉम्प्युटर म्हणाला, एक्क्याण्णव टक्के यंत्रानं लिहिलेलं.

घंटा झाली. मुलं गेली. हार्लन दप्तराचा पट्टा खांद्यावर धरून टेबलाशी येऊन उभा राहिला.

"हे तू लिहिलेलं नाहीस," बाई म्हणाल्या.

"मीच लिहिलंय."

"सप्टेंबरात तू मासेमारीवर निबंध दिलास. अर्धं पान होतं, आणि त्यातही नऊ चुका."

"मासेमारी लिहायची गोष्ट नाहीये."

"हार्लन, तपासणीत एक्क्याण्णव टक्के आलेत."

"तुम्ही वाचलं, का त्यानंच वाचलं?"

बाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्यांनी कागद ओढून घेतला आणि रेघा मारलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. 'म्हातारा ओळ देतो, आणि ती त्याच्या तोंडून पुरी सुटायच्या आत बाया ती उचलतात.' पुस्तकं कमी होती म्हणून एकजण ओळ सांगायचा आणि बाकीचे ती गायचे, एवढंच मी वर्गात सांगितलं. बाया आधी उचलतात, हे मी सांगितलेलं नाही. पुस्तकात नाही. मला स्वतःला माहीत नाही. तुला कुठून कळलं?"

"आमच्यात... म्हणजे मॅमॉ... माझी आजी, ती मला लहानपणापासून..."

हार्लनचे शब्द मुळातच सावकाश निघत. एकेक शब्द तो आधी मनात ठोकून बघे आणि मग बाहेर काढी. दारात पुढच्या तासाची मुलं एकमेकांना ढकलत उभी होती. बाईंनी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"हार्लन, दारात वर्ग खोळंबलाय. एका वाक्यात सांग."

कागद टेबलावरच सोडून तो दारापर्यंत गेला आणि तिथून वळून म्हणाला, "रविवारी या. लाँग फोर्कच्या चर्चला. साडेनऊला."

त्याच्या आवाजात विनंती नव्हती. शिरजोर कार्टं, असं बाईंच्या मनात आलं, आणि असं मनात आल्यामुळे त्यांना पुढचं काम सोपं गेलं.

पुढचं काम म्हणजे डॉबिन्स सरांच्या खोलीतला, कॉपी केल्याच्या तक्रारीचा फॉर्म. उपमुख्याध्यापकांनी तो आधीच भरून ठेवला होता, फक्त सही राहिली होती.

"सोमवारी सकाळी आठला जिल्ह्याच्या ऑफिसात जाईल," ते म्हणाले. "एकदा तिथं गेला की रेकॉर्डवर कायमचा."

"आणि त्याची कॉलेजची जागा? ती फीमाफीची?"

"ती गेलीच. नियम आहे, मी काय करू?" सरांनी पेन पुढे केलं. "मनाला लावून घेऊ नका हो. ह्याच्या बापाला मी शिकवलंय. नाव लिहायचं तरी घाम फुटायचा त्याला. स्टिडमांच्या घरात एवढं लिहिणारं कुठून येणार?"

बाईंनी सही केली.

शनिवारी त्यांचं कशात मन लागेना. अंगणातला पाला त्यांनी एकदा ओढला, जेवून पुन्हा ओढला. कॉफी ओतली ती ओट्यावर राहिली, दुसरी ओतली तीही राहिली. ओहायोतल्या बहिणीला फोन लावला आणि तिनं उचलायच्या आत ठेवून दिला. दुपारी पडदे धुवायला काढले. धुतलेलेच होते ते, दोन आठवड्यांपूर्वी.

शेवटी टेबलाशी बसून त्यांनी हार्लनचं पान चौथ्यांदा वाचलं. 'मी गारठलेलं काळीज घेऊन ऊबेच्या घरात आले, आणि दाराशी उभी राहिले, कारण ते कुठं ठेवावं ते कळेना.' म्हातारीच्या तोंडी लिहिलं होतं पोरानं. बाईंनी तरुणपणी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या लोकांवरच तीनशे पानांचा प्रबंध लिहिला होता. त्यातलं एकही वाक्य ह्या वाक्याच्या जवळ उभं राहण्याच्या लायकीचं नव्हतं, आणि हे त्यांना गुरुवारी पहिल्या वाचनातच कळलं होतं. कॉम्प्युटरचे टक्के नंतर आले. आधी आला होता हेवा. सतरा वर्षांच्या पोराचा, लाज वाटण्यासारखा हेवा. तो झाकायला त्यांना कुठलाही आकडा चालला असता.

'छे, काहीतरीच,' असं स्वतःशीच म्हणून त्या उठल्या, आणि पडदे वाळायच्या आधीच काढून इस्त्रीला घेतले.

रविवारी सकाळी गाडी काढताना त्यांनी मनाला बजावलं, आपण फक्त खोटं पकडायला चाललोय. लाँग फोर्कचा रस्ता ओहोळाच्या कडेनं वर चढत जातो, बंद खाणीच्या फाटकापाशी वळतो आणि पांढऱ्या फळ्यांच्या चर्चशी संपतो. अकरा वर्षं बाई ह्या खोऱ्यात शिकवत होत्या. ह्या रस्त्यावरची निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेली होती, आणि तरी ह्या चर्चच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

आत डावीकडे बाया, उजवीकडे पुरुष. बाई मागच्या बाकाच्या टोकाला टेकणार, तोच जांभळ्या स्वेटरमधल्या एका बाईनं सरकून जागा केली.

"आत सरक गं, दाराशी वारं येतं. कुणाच्यातली तू?"

"कुणाच्यातलीच नाही. शाळेत शिकवते."

"असू दे. बस."

पुढे ब्रदर आयशम उभे राहिले. खाणीत दोन बोटं गेलेला, हडकुळा, सत्तरीचा माणूस. हातात स्वरबिर काही नसलेलं, नुसत्या शब्दांचं चिमुकलं पुस्तक. इतर कुणापाशी तेही नव्हतं. त्यांनी एका दमात, घाईघाईनं, निम्मी बोलल्यासारखी निम्मी गायल्यासारखी एक ओळ म्हटली. ती पुरी व्हायच्या आत डावीकडच्या बायांनी ती उचलली.

बाईंच्या हातातली पर्स मांडीवरून घसरून खाली पडली.

सूर लांबत गेला, वाकला, पुन्हा चढला. पुरुष मागाहून त्यात आले. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं आणि तरी सगळे एकत्रच होते. मग पुन्हा ब्रदर आयशमची ओळ, पुन्हा बाया आधी. ह्या गाण्याबद्दल अकरा वर्षं, दरवर्षी ऑक्टोबरात, बाई वर्गाला एक ठरलेलं वाक्य सांगत आल्या होत्या, आणि सांगताना मुद्दाम आवाज थोडा खाली आणत. 'गाण्याची ही रीत दोनशे वर्षांपूर्वी मेली.' मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं. हार्लन तिसऱ्या रांगेत बसून ते ऐकत होता. गेल्या रविवारीही तो इथेच बसून गायला असणार.

गाणं संपलं तशी माणसं एकेक करून उभी राहू लागली. मनात असेल ते बोलायचं आणि बसायचं, एवढंच. एक म्हातारा उठला. मुलगा गेल्यापासून आपण देवाशी बोललेलो नाही, इथवर आला आणि अडला. कुणी खाकरलं नाही, कुणी चुळबुळलं नाही.

"सावकाश, ब्रदर," कुणीतरी म्हणालं.

"हो, सावकाश. घाई नाही कुणाला," दुसरीकडून आलं.

म्हातारा बराच वेळ तसाच उभा राहिला. मग जेवढं बोलायचं तेवढं बोलला आणि बसला.

त्याच्यानंतर पुढच्या बाकावरून एक ठेंगणी म्हातारी उठली. अंगात कुणा पुरुषाचा जुना कोट, बाह्या दुमडलेल्या.

"ही ओर्फा स्टिडम," जांभळ्या स्वेटरवाली बाईंच्या कानाशी पुटपुटली. "पोरानं टाकलेला नातू हिनंच वाढवला. ऐक आता, हिच्यासारखं कुणी बोलत नाही."

"यंदाच्या हिवाळ्यात मी गारठलेलं काळीज घेऊनच ह्या दारात आले," ओर्फा म्हणाली. "आणि आले तरी तशीच उभी राहिले. म्हटलं, हे ओझं कुठं ठेवू? कुणाच्या मांडीवर ठेवू? ऊब दिसत होती, पण ती माझी नव्हती..."

बाईंना पुढचं ऐकू येईना. त्यांची नजर उजवीकडे गेली. हार्लन खाली मान घालून बसला होता आणि आजीच्या शब्दांबरोबर त्याचे ओठ हलत होते. असे किती रविवार हलले असतील ते ओठ, कोण जाणे. मग त्यानं मान वर केली, त्याला बाई दिसल्या. तो हसला नाही, त्यानं मानही हलवली नाही. नुसता बघत राहिला.

ओर्फा बसली. "अजून कुणाच्या मनात काही?" ब्रदर आयशमनी विचारलं.

बाईंनी वाकून पर्स उचलली. उद्या सातलाच शाळेत जायचं. डॉबिन्स सर यायच्या आत फॉर्म त्यांच्या टेबलावरून उचलायचा, फाडायचा. शून्य खोडून चांगले मार्क द्यायचे, हवं तर सगळ्यात जास्त. तपासणीचा घोटाळा झाला म्हणायचं. जागा वाचेल, पोराचं भलं होईल, कुणाला काही कळायचंही कारण नाही. बाहेरचं दार दोन पावलांवर होतं.

त्या उठल्या. दाराकडे वळायचं म्हणून उठल्या होत्या, पण उठल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या, आणि सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"मी हार्लनची टीचर," त्या म्हणाल्या. "मी शुक्रवारी..."

रोज पाच तास बोलणाऱ्या बाई तिथेच अडल्या. त्यांनी पुढच्या बाकाची कड धरली. ओर्फा वळून बघत होती, तिला अजून काहीच ठाऊक नव्हतं. सवयीनं बाईंची नजर भिंतीवर घड्याळ शोधायला गेली. भिंतीवर घड्याळ नव्हतं.

"मी..." त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा अडल्या.

तेव्हा उजवीकडच्या बाकांतून एक आवाज आला. जडसा, एकेक शब्द ठोकून बघत येणारा.

"सावकाश, मिस व्हिटलॉक," हार्लन म्हणाला. "घाई नाही कुणाला."